रात्री बारानंतरची गाडी आणि घरची चौदा माणसं



गेल्या वर्षी गणपतीत आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी जे घडलं, ते तिच्या परवानगीनं आज सांगतो. ती म्हणाली, "नाव सांगू नका, पण गोष्ट जरूर सांगा. आमच्यासारखी फसगत दुसऱ्या कुणाची नको व्हायला."

तिचं सासर कुडाळकडचं. तिघे भाऊ, तिघी जावा, सासू-सासरे आणि सहा मुलं असं चौदा जणांचं कुटुंब पनवेल तालुक्यात राहतं आणि चतुर्थीला गावच्या घरी जातं. २०२५ साली चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. सोमवारी रात्री पनवेलला कोकणकन्या पकडायची, मंगळवारी सकाळी कुडाळला उतरायचं, घर झाडून-सारवून मखर उभं करायचं, असा बेत ठरला. तिकिटं दोन महिने आधीच काढलेली, सगळी कन्फर्म. सोमवारी २५ तारखेला रात्री साडेअकराला सगळे फलाटावर हजर. गाडी वेळेवर आली. आपल्या डब्यात चढून पाहतात तर प्रत्येक बर्थवर माणूस झोपलेलं. आवाज वाढले, दिवे लागले, टीसी आले. त्यांनी तिकीट हातात घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "हे तिकीट कालच्या रात्रीच्या गाडीचं आहे."

खरंच तसं होतं. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून जातात. तिकिटावर पनवेलची तारीख २५ ऑगस्ट आणि वेळ ००:२५ होती. म्हणजे रविवारी रात्री झोपायच्या वेळेनंतर जी २५ तारीख लागली, तिची पहिली पंचवीस मिनिटं. त्यांची गाडी आली तेव्हा ही चौदाही माणसं घरी गाढ झोपेत होती.

गणपती आणायला कुणीतरी हवंच, म्हणून दोघे भाऊ कसेबसे जनरलच्या डब्यात शिरले. बाकीची बारा माणसं सामानासह फलाटावरच राहिली. दुसऱ्या दिवशी एसटीत जागा शोधली, पण एवढ्या माणसांना एकत्र जागा कुठेच नव्हती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना रात्रभर बसून जाणं झेपणारं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून एकाही चतुर्थीला त्या गावच्या घराबाहेर नव्हत्या. या वेळी त्यांनी आरती फोनवर ऐकली. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मैत्रीण म्हणते, तेच जास्त लागलं.

चूक कुणाची, यावर त्या घरात बरंच बोलणं झालं. फॉर्म धाकट्या दिरानं भरला होता. पण तिकीट आल्यावर ते दुसऱ्या कुणी हातात घेऊन वाचलंच नव्हतं. चौदा माणसांचा प्रवास एकाच्या फोनमध्ये बंद होता. म्हणून यंदा त्या घरातल्या तिघी जावांनी एक शंभर पानी वही केली. त्या वहीत त्यांनी काय काय लिहिलं, तेच आजच्या भागात आपण बघू. तुम्हाला कोकणात जायचं नसेल, पनवेलहून नांदेडला किंवा आणखी लांब कुठे जायचं असेल, तरी हिशेब हाच लागू पडतो.

पहिलं पान: तारीख

रेल्वेचं घड्याळ चोवीस तासांचं असतं. रात्रीचे अकरा म्हणजे २३:००. बारा वाजले की ००:०० आणि तिथून पुढची तारीख. आपण मात्र बोलताना सकाळी उठेपर्यंत "आजचीच रात्र" धरतो. घोटाळा इथेच होतो. पनवेलकरांना तो जास्त होतो, कारण मुंबईहून रात्री उशिरा सुटणाऱ्या गाड्या आपल्याकडे बारानंतर पोचतात. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेसही अशीच, मध्यरात्रीनंतरची.

२०२६ साली चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. रविवारी १३ तारखेला सकाळी गावी उतरायचं असेल, तर शनिवारी रात्री घरून निघायचं. शनिवार आहे १२ तारखेचा. पण गाडी पनवेलला बारानंतर येणार, म्हणून पनवेलहून तिकीट काढताना तारीख लिहायची १३ सप्टेंबर.

तिघी जावांनी वहीत हे असं लिहिलं आहे: "घरून निघणे शनिवार १२ रात्री. गाडी पनवेलला रविवार १३, मध्यरात्रीनंतर. उतरणे रविवार १३ सकाळी." तीन ओळी, तिन्हींत वार आणि तारीख दोन्ही. तुम्हीही असंच लिहा. नुसती तारीख चुकते, नुसता वारही चुकतो. दोन्ही शेजारी लिहिले की चूक डोळ्यांत भरते.

आता आरक्षण कधी उघडतं ते बघू. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. पूर्वी हीच मुदत १२० दिवसांची होती. हे साठ दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. आपली कोकणकन्या मुंबईहून सुटणार १२ सप्टेंबरला. १४ जुलैपासून १२ सप्टेंबरपर्यंत साठ दिवस होतात, म्हणून आरक्षण उघडणार मंगळवारी १४ जुलैला, सकाळी आठ वाजता. तिकिटावर १३ तारीख असली तरी उघडण्याचा दिवस मुंबईच्या १२ तारखेवरूनच ठरतो. एक दिवस उशिरा गेलात तर सणाच्या गाडीत हाती फक्त वेटिंग लागतं.

दुसरं पान: माणसं आणि वयं

चौदा माणसं म्हणजे चौदा तिकिटं नव्हेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, मात्र त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत दोन पर्याय असतात. वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. बारा पूर्ण झाली की मोठ्या माणसासारखंच.

आपल्या मैत्रिणीच्या घरचा हिशेब असा. सासू-सासरे दोन, मुलगे-सुना सहा, सोळा आणि तेरा वर्षांची दोन मुलं, मिळून दहा पूर्ण तिकिटं. तीन आणि चार वर्षांची दोघं फुकट, आयांच्या कुशीत. उरली सात आणि नऊ वर्षांची. गेल्या वर्षी पैसे वाचवायला त्यांचं अर्धं तिकीट काढलं होतं. यंदा जावांनी ठरवलं, रात्रीचा प्रवास आहे, दोघांना बर्थ घ्यायचेच. नऊ वर्षांचं मूल एका बर्थवर आईजवळ झोपलं की आई रात्रभर बसून राहते, आणि गावी पोचल्यावर चूल पेटवायची असते तिलाच. तेव्हा बर्थ बारा.

वयासमोर नाव लिहायचं ते आधारवर आहे तसं. हे आपल्या बायकांसाठी फार महत्त्वाचं. घरी एक नाव, सासरचं दुसरं, आधारवर माहेरच्या आडनावाचं तिसरं, असं कितीतरी जणींचं असतं. वहीत प्रत्येकीच्या आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. प्रवासात तिकिटावरच्या एकाकडे तरी मूळ ओळखपत्र लागतं. पण मोठ्या कुटुंबाच्या वेगवेगळ्या तिकिटांना प्रत्येकी एक लागेल, म्हणून सगळ्या मोठ्या माणसांनी आपापलं जवळ ठेवलेलं बरं.

तिसरं पान: दोन फॉर्म की तीन?

खिडकीवर एका फॉर्मवर जास्तीत जास्त सहा जणांची नावं लिहिता येतात. मोबाइलवर साधं तिकीट काढतानाही एका तिकिटावर सहाच. बारा बर्थ म्हणजे दोन फॉर्म, सहा-सहाचे. दिसायला सोपं आहे. पण इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

रेल्वेत काही खालचे बर्थ साठ वर्षांवरचे पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रिया आणि गरोदर बायकांसाठी राखून ठेवलेले असतात. पण त्या राखीव वाट्यातून बर्थ मिळण्यासाठी तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. आजी-आजोबांना सहाजणांच्या तिकिटात घातलंत, तर तो वाटा त्यांना मिळत नाही. मग खालचा बर्थ मिळणं नशिबावर. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा हा वाटा सुरू आहे, आणि तो मागायला आपण विसरतो.

म्हणजे तीन फॉर्म. आजी-आजोबांचा दोघांचा एक, सहाजणांचा दुसरा, चौघांचा तिसरा. यात तोटाही आहे. वेगळं तिकीट म्हणजे डबाही वेगळा येऊ शकतो. आजोबांना रात्री दोनदा उठावं लागतं, आजींना कमी ऐकू येतं. ती दोघं एस-२ मध्ये आणि बाकी सगळे एस-७ मध्ये, असं झालं तर?

तिघी जावांनी यावर बराच विचार केला. शेवटी ठरलं ते असं: खालचा बर्थ पक्का करायचा, म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळंच काढायचं. डबा वेगळा आला तर सोळा वर्षांच्या नातवानं त्यांच्या डब्यात जायचं आणि तिथल्या एका प्रवाशाला विनंती करून बर्थ बदलून घ्यायचा. एकट्या प्रवाशाला डबा बदलायला सहसा अडचण नसते. बदल केला की टीसींना सांगून ठेवायचं. तुमच्या घरची म्हातारी माणसं धडधाकट असतील तर तुम्ही उलटं ठरवाल. ठरवा काहीही, पण फॉर्म भरण्याआधी ठरवा.

बायकाच जाणार असाल, म्हणजे गटाची सहल किंवा देवदर्शन, तर आणखी एक वाटा लक्षात ठेवा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात सहा बर्थ स्त्रियांसाठी राखीव असतात. एकटी असो की बायकांचा गट, वय कितीही असो. त्या तिकिटात पुरुष मात्र चालत नाही.

चौथं पान: तिकीट काढायचा दिवस

१४ जुलैला सकाळी काय करायचं? एकानं पनवेल स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर आठच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहायचं. दुसऱ्यानं त्याच वेळी मोबाइलवर बसायचं. मोबाइलवर काढणाऱ्याचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आठ दिवस आधीच बघा. आरक्षण उघडतं त्या दिवशीचं ऑनलाइन आरक्षण आणि सगळं ऑनलाइन तत्काळ आता आधार जोडलेल्या खात्यांनाच मिळतं. प्रवाशांची नावं-वयं खात्यात आधीच भरून ठेवता येतात. ती आयत्या वेळी टाइप करत बसलात तर तेवढ्यात गाडी भरते.

मोबाइलवर "सगळे बर्थ एकाच डब्यात असतील तरच" आणि "कन्फर्म मिळत असेल तरच" अशा अटी निवडता येतात. त्या समजून निवडा. सणाच्या गर्दीत एकाच डब्याची अट घातलीत आणि ती पूर्ण झाली नाही, तर तिकीटच निघत नाही.

दोघांनी एकाच वेळी प्रयत्न करायचा, तर कोण कोणाची नावं काढणार हे आधी वाटून घ्या. नाहीतर एका माणसाची दोन तिकिटं निघतात आणि दुसऱ्याचं एकही नाही.

पनवेलहून जागा दिसत नसेल, तर मुंबईहून बघा. कधीकधी गाडी सुटते तिथून बर्थ शिल्लक असतो. तसं तिकीट काढलं तर चढण्याचं ठिकाण पनवेल करून घ्यायला विसरू नका. ते न करता थेट पनवेलला चढलात, तर तोपर्यंत टीसी तुम्ही आला नाहीत असं धरून तो बर्थ दुसऱ्याला देऊ शकतात. आणि मुंबईहून काढलेल्या तिकिटावर सुटण्याची तारीख १२ सप्टेंबर असेल, पनवेलच्या तिकिटावर १३. गाडी एकच. इथेही घोटाळा होऊ शकतो, तेव्हा वही उघडा.

गावात एखादा ओळखीचा माणूस "मी काढून देतो, वर थोडे द्या" म्हणत स्वतःच्या खात्यावरून तिकिटं काढून विकत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. स्वतःच्या खात्यावरून घरच्यांची तिकिटं काढणं ठीक आहे. पण परवानगी नसताना तिकिटांचा धंदा करणं रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे. त्याच्यावर कारवाई झाली तर तुमचं तिकीटही अडकतं.

पैशांचंही बोलू. सण सप्टेंबरात, पण तिकिटाचे पैसे जुलैत लागतात, पेरणीच्या आणि शाळेच्या खर्चाच्या दिवसांत. ऐन वेळी कुणाकडे तरी हात पसरावा लागतो तो यामुळे. या घरातल्या तिघींनी फेब्रुवारीपासून दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या डब्यात टाकली, आणि जेवढे कमी पडतील तेवढ्याचं गटातून अंतर्गत कर्ज घ्यायचं ठरवलं. जाण्या-येण्याचं मिळून भाडं किती, हे गेल्या वर्षीच्या तिकिटावरून कळतंच. त्यावर थोडे जास्त धरा.

पाचवं पान: वेटिंग आलं तर

वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. हे आता कडकपणे पाळलं जातं. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरची सगळी नावं शेवटच्या तक्त्यापर्यंत वेटिंगमध्येच राहिली, तर तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. एकाच तिकिटावर चौघं कन्फर्म आणि दोघं वेटिंग असतील, तर त्या दोघांचं नाव तक्त्यात राहतं. त्यांना प्रवास करता येतो, पण स्वतःचा बर्थ मिळत नाही. आरएसी म्हणजे साइडचा खालचा बर्थ दोघांत मिळून. बसायला जागा पक्की, झोपणं वाटून.

तत्काळचा पर्याय शेवटचा. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, एसी वर्गाचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. इथेही आदला दिवस मोजायचा तो मुंबईहून सुटण्याच्या तारखेपासून. आपल्या गाडीसाठी तो शुक्रवार ११ सप्टेंबर. पनवेलची १३ तारीख धरून १२ ला रांगेत गेलात, तर एक दिवस वाया गेलेला असेल. तत्काळमध्ये एका तिकिटावर चौघंच, आणि कन्फर्म तत्काळ तिकीट आपण रद्द केलं तर पैसे परत नाहीत. चौदा जणांचा बेत तत्काळच्या भरवशावर ठेवू नका.

आणि एखादं माणूस आजारी पडलं तर? कन्फर्म तिकीट जवळच्या नातेवाइकाच्या नावावर करता येतं. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको एवढ्यांतच. गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि हे एकदाच होतं. जावेचं तिकीट जावेच्या नावावर होत नाही, हे लक्षात ठेवा.

सहावं पान: बर्थचं गणित

हे गणित मुलांना शिकवा, त्यांना फार आवडतं. स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या डब्यात आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. बर्थच्या आकड्याला आठनं भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा. २ किंवा ५ तर मधला. ३ किंवा ६ तर वरचा. ७ उरली तर साइडचा खालचा, आणि काहीच उरलं नाही तर साइडचा वरचा. समजा बर्थ आला ४३. आठ पंचे चाळीस, बाकी तीन, म्हणजे वरचा. (थ्री-टियर इकॉनॉमीच्या डब्याची रचना वेगळी असते.)

तिकीट आलं की वहीत प्रत्येक आकड्यापुढे कोण झोपणार ते लिहून टाका. खालचे बर्थ आजी-आजोबांना आणि लहान मुलांच्या आयांना. मधला चढता येईल अशा मोठ्यांना. वरचे सोळा-तेरावाल्यांना. गाडी मध्यरात्री येते तेव्हा डब्यात अंधार असतो, मधले बर्थ उघडलेले असतात, रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळच आहे. तिथे उभं राहून "तू इकडे, मी तिकडे" करत बसलात तर सगळा डबा जागा होतो.

सातवं पान: फलाट

गाडी पनवेलला थोडीच मिनिटं थांबते. एक डबा साधारण चोवीस मीटर लांब. वीस-बावीस डब्यांची गाडी म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर. एस-२ पुढे आणि एस-७ मागे असेल आणि तुम्ही चुकीच्या टोकाला उभे असाल, तर म्हातारी माणसं आणि सामान घेऊन तेवढ्या वेळात पोचणं होत नाही. म्हणून गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर या. फलाटावरच्या फलकावर डब्याची जागा बघा आणि तिथेच बस्तान मांडा. फलाट बदलल्याची घोषणा झाली तर पूल चढावा लागतो, त्यासाठीही वेळ हातात हवा.

गावाकडून येणाऱ्यांनो, संध्याकाळनंतर एसटी आणि टमटम कमी होतात. रात्री अकराला मिळेल या भरवशावर राहू नका. गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळीच पनवेलला नातेवाइकांकडे येऊन जेवण तिथे करा. गाडी उशिरानं आहे का, हे १३९ वर फोन करून कळतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात आणि गावी पोचायला नेहमीपेक्षा उशीर लागतो. उतरवून घ्यायला येणाऱ्यांना ती वेळ कळवा.

चौदा माणसांच्या तीन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीला एक मोठी बाई प्रमुख. तिनं फक्त आपली माणसं मोजायची: फलाटावर, चढल्यावर, उतरल्यावर. एकानंच चौदा मोजायची म्हटली की कुणीतरी दोनदा मोजलं जातं आणि कुणीतरी राहून जातं. लहानांच्या खिशात चिठ्ठी ठेवा: नाव, दोन फोन नंबर, डबा आणि बर्थ. मूल चुकलं किंवा कुणाला बरं वाटेनासं झालं तर १३९ वरच मदत मागता येते. मुलांसाठी १०९८ आहे.

आठवं पान: सामान आणि शिदोरी

स्लीपरमध्ये माणशी चाळीस किलो सामान नेता येतं. पण नेता येतं म्हणून न्यायचं नाही. चौदा माणसांत नऊपेक्षा जास्त नग नकोत, असा या जावांचा नियम आहे. प्रत्येक नगाला एकाच रंगाची चिंधी बांधायची म्हणजे अंधारातही ओळखू येतो. खालच्या बर्थखाली कड्या असतात, तिथे साखळी-कुलूप लावा. दागिने एका पिशवीत ठेवू नका. जिचे तिच्या अंगाशी. गॅसची शेगडी, रॉकेल, फटाके गाडीत नेणं गुन्हा आहे, आणि कापूर-उदबत्ती पेटवायची गावी गेल्यावर.

मध्यरात्रीच्या गाडीला रात्रीचं जेवण घरूनच जेवून निघायचं. शिदोरी सकाळसाठी. तांदळाची भाकरी सकाळपर्यंत वातड होते. त्यापेक्षा दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी लसणाची चटणी. ओलं खोबरं घातलेलं काही नको, पावसाळी दमट हवेत ते लवकर आंबतं. पाणी भरपूर. बायका लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. असं करू नका, त्यानं डोकं दुखतं आणि त्रास वाढतो. रात्री एकटीनं जायला भीती वाटत असेल तर दुसरीला उठवा, त्यात लाज कसली. पाळी येण्यासारखी असेल तर पॅड आणि जुन्या कागदाच्या पिशव्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

औषधं सामानात टाकू नका. सासऱ्यांची गोळी सासऱ्यांच्या खिशात. मोबाइल घरून पूर्ण चार्ज करा, कारण बऱ्याच गाड्यांत रात्री चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. तिकिटाचा पीएनआर नंबर तीन फोनमध्ये आणि वहीत, असा चार ठिकाणी.

शेवटचं पान: परत येताना

जाण्याच्या घाईत येणं विसरतं. विसर्जनानंतरची गर्दी चतुर्थीइतकीच असते. परतीच्या तारखेचे साठ दिवस वेगळे मोजा आणि त्या दिवशी पुन्हा रांग लावा. परतीची रात्रगाडी पनवेलला पहाटे येते, सगळे साखरझोपेत असताना. दोन फोनवर गजर लावा आणि तुकडीच्या प्रमुखांनी पाळीनं जागं राहा. रोहा मागे पडलं की मुलांना उठवून चपला घालायला लावा, सामान दाराकडे सरकवा.

तर मैत्रिणींनो, वही एवढीच. पुढच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या घरचं कुठलंही जुनं तिकीट किंवा फोनवरचा संदेश आणा आणि तो मोठ्यानं वाचा: तारीख, वार, वेळ, डबा, बर्थ, चढायचं ठिकाण. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडे तरी ओळखता येतील असं करा. तिकीट कुणीही काढो, ते घरातल्या दोन बायकांनी वाचलेलं असलं पाहिजे.

त्या घरच्या सासूबाईंनी परवा वही मागून घेतली. चष्मा लावून पहिल्या पानावरच्या तीन ओळी बोट ठेवून वाचल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "म्हणजे शनिवारी रात्री निघायचं. रविवारी रात्री नाही." सून म्हणाली, "हो आई, शनिवारी." मग त्यांनी वही मिटून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली. आता ती तिथेच असते.